तुमच्या स्क्रीनवरचा 'ल' मराठी आहे की हिंदी? फॉन्ट, युनिकोड आणि भाषेची खूण

आधी एक छोटी तपासणी करा. 'लाल', 'शाळा', 'कुशल' हे तीन शब्द तुमच्या स्क्रीनवर नीट बघा. ल च्या उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत उभी दांडी आहे का, न किंवा म ला असते तशी? की मधल्या छोट्या देठाला दोन बाजूंनी दोन पाकळ्या लटकल्यासारखा तो दिसतोय? आता श बघा. त्याच्या डाव्या भागाच्या माथ्यावर गाठ मारल्यासारखा वळसा आहे, की तो भाग साधा, शिरोरेषेतून खाली उतरलेला आहे?

दांडीचा ल आणि बिनगाठीचा श ही हिंदी वळणाची रूपं. पाकळ्यांचा ल आणि गाठीचा श ही मराठी वळणाची. आपण शाळेत दुसरी जोडी गिरवली, पाठ्यपुस्तकात ती पाहिली, दुकानांच्या पाट्यांवर पाहिली. मोबाइलवर मात्र बऱ्याचदा पहिली दिसते. तुम्हाला आत्ता यातलं काय दिसतंय ते मला इथे बसून सांगता येत नाही, कारण मी फक्त 'ल' टाइप केलाय. त्याचं वळण तुमचा ब्राउझर आणि तुमचा फॉन्ट मिळून ठरवतात.

हे कसं ठरतं ते समजून घ्यायला हवं. वळण चुकीचं दिसत असेल तर त्यामागे बहुतेक वेळा एकच कारण असतं: मजकूर मराठी आहे हे कोणी मशीनला सांगितलेलंच नसतं. आणि त्याचे परिणाम अक्षराच्या देखणेपणावर थांबत नाहीत.

एक संकेतांक, दोन चेहरे

युनिकोड अक्षराला क्रमांक देतं, आकाराला नाही. ल चा क्रमांक यू+०९३२, श चा यू+०९३६. हिंदी, मराठी, नेपाळी, संस्कृत, देवनागरीतली कोंकणी, सगळ्यांना तेच क्रमांक. फाइलमध्ये साठतो तो हा क्रमांक. त्या क्रमांकासाठी स्क्रीनवर जी आकृती काढली जाते तिला ग्लिफ म्हणतात आणि ती फॉन्टमध्ये असते. एका क्रमांकासाठी फॉन्टमध्ये एकापेक्षा जास्त ग्लिफ असू शकतात.

मला बरेच जण विचारतात की मग मराठी ल ला वेगळा क्रमांक का मागून घेत नाहीत? ऐकायला सोपं वाटतं, पण हा उपाय रुमानियन भाषेनं करून पाहिलाय. त्यांच्या एस आणि टी या अक्षरांखाली स्वल्पविराम येतो. संगणकावर मात्र बराच काळ त्याऐवजी तुर्की पद्धतीची शेपटी असलेली अक्षरं वापरली जात होती. १९९९ च्या युनिकोड ३.० मध्ये स्वल्पविरामाच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक मिळाले. पण लोकांच्या संगणकांवर ती अक्षरं असलेले फॉन्ट यायला बरीच वर्षं गेली. तोवर जुना मजकूर जुन्या क्रमांकांनी साठत राहिला. डोळ्यांना जवळजवळ सारखे दिसणारे दोन शब्द संगणकाला वेगवेगळे वाटू लागले आणि शोधताना एक सापडला तर दुसरा निसटू लागला. मराठी ल वेगळा केला असता तर 'लता' हे नाव दोन प्रकारे लिहिलं गेलं असतं आणि आजवरचा सगळा मराठी मजकूर एका रात्रीत जुना झाला असता. त्यामुळे क्रमांक एकच ठेवला हे माझ्या मते बरोबरच झालं.

हे वळण आलं कुठून

छापखान्याच्या काळात हा प्रश्नच नव्हता. अक्षराचं वळण ठरायचं ते छापखान्यानं कुणाकडून खिळे विकत घेतले यावर. एकोणिसाव्या शतकात देवनागरी खिळ्यांची दोन मोठी वळणं तयार झाली, एक मुंबईचं आणि एक कलकत्त्याचं. दोन्हींमध्ये अ, झ, ण, ल, श आणि ५, ८, ९ यांसारखे अंक वेगवेगळे दिसायचे.

मुंबईच्या वळणाला घाट आणि दबदबा मिळवून दिला तो निर्णयसागर छापखान्यानं. जावजी दादाजी हे अमेरिकन मिशनच्या छापखान्यात अक्षरांच्या कामात तयार झालेले गृहस्थ. त्यांनी आधी स्वतःची ओतशाळा काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर सुरू केला. खिळ्यांचे मूळ ठसे कोरण्याचं काम राणोजी रावजी आरू यांचं. निर्णयसागरनं संस्कृत ग्रंथांच्या इतक्या नेटक्या आवृत्त्या काढल्या की मुंबईची अक्षरं महाराष्ट्राबाहेरच्या अभ्यासकांच्या टेबलावर जाऊन बसली.

पुढची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १९६० च्या दशकात केंद्रीय हिंदी निदेशालयानं देवनागरीची मानक वर्णमाला ठरवली, तेव्हा अ, झ आणि ण या अक्षरांची मुंबईकडची रूपंच प्रमाण मानली गेली. जुनं हिंदी पुस्तक चाळलंत तर त्यात ण हा 'रा' ला आणखी एक काना जोडल्यासारखा दिसेल आणि अ तर पटकन ओळखूही येणार नाही. आज हिंदीत सर्रास दिसणारे अ आणि ण आपल्याकडून गेलेले आहेत. ल आणि श च्या बाबतीत मात्र उत्तरेकडची रूपं कायम राहिली. म्हणून आज नेमक्या याच दोन अक्षरांवर दोन भाषांची वाट वेगळी होते. 'हिंदीनं आमचा ल पळवला' अशा थाटाचे मेसेज फिरतात, तेव्हा मला हा इतिहास आठवतो. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झालेली आहे.

महाराष्ट्र शासनानं नोव्हेंबर २००९ मध्ये प्रमाण मराठी वर्णमालेचा निर्णय काढला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. ल आणि श मराठी वळणानंच लिहावेत, अशी त्यातली भूमिका आहे. ठीकच. पण ब्राउझर शासन निर्णय वाचत नाही. त्याला वेगळ्या भाषेत सांगावं लागतं.

फॉन्ट निवड कशी करतो

खिळ्यांच्या पेटीत एकच ल असायचा. आजच्या फॉन्टला मात्र एकाच फाइलमधून पाच-सहा भाषा सांभाळायच्या असतात. म्हणजे त्यातलं एक रूप मूळ धरावं लागतं आणि बाकीची राखीव ठेवावी लागतात. बोलणाऱ्यांची संख्या पाहता मूळ रूप हिंदीचं धरलं जातं. विंडोज २००० सोबत आलेला 'मंगल' फॉन्ट आठवतोय? त्याचे रचनाकार र. कृ. जोशी, म्हणजे मराठीतले कवी आणि मोठे सुलेखनकार. त्यांच्या हातच्या त्या फॉन्टमध्येही ल आणि श ची मूळ रूपं हिंदी वळणाची. व्यवहाराचं गणितच तसं होतं.

राखीव रूपं बाहेर काढण्यासाठी ओपनटाइप फॉन्टमध्ये 'लोकलाइज्ड फॉर्म्स' नावाची सोय असते. फॉन्टच्या आत एक तक्ता असतो: लिपी देवनागरी आणि भाषा मराठी असेल तर हा ल काढून तो ल लाव. हे घडायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. मजकुरावर भाषेची खूण हवी, फॉन्टमध्ये मराठीचा तक्ता हवा, आणि मधल्या सॉफ्टवेअरनं ती खूण फॉन्टपर्यंत पोहोचवायला हवी. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड आणि लिबर ऑफिस यांमध्ये अक्षरं जुळवण्याचं काम हार्फबझ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर करतं आणि ते हे काम चोख करतं. त्यामुळे गाडी अडते ती बहुधा पहिल्या पायरीवर, नाहीतर दुसऱ्या.

फॉन्ट बनवणाऱ्यासाठी मराठीचा तक्ता म्हणजे दोन ग्लिफचं काम नसतं. ल बदलला की अर्धा ल बदलतो, मग ल्या, ल्ह, ल्ल आणि ज्यात ल खाली जातो अशी सगळी जोडाक्षरं बदलतात. दांडीच्या ल चा अर्धा भाग दांडी काढून टाकली की तयार होतो. पाकळ्यांच्या ल ला दांडीच नाही, तेव्हा तिथे वेगळा विचार करावा लागतो. घाईत बनवलेल्या फॉन्टमध्ये 'कला' मराठी आणि 'कल्याण' हिंदी असा घोळ दिसतो, तो इथे.

हे दुखणं आपलं एकट्याचं नाही

रशियन आणि सर्बियन या दोन्ही भाषा सिरिलिक लिपीत लिहितात. सरळ टाइपात फरक फारसा जाणवत नाही, पण तिरप्या टाइपात सर्बियनमधली ब, ग, द, प, त या उच्चारांची अक्षरं रशियनपेक्षा वेगळी दिसतात. क्रमांक तेच. भाषेची खूण नसेल तर सर्बियन वाचकाला रशियन वळण बघावं लागतं.

सगळ्यात मोठा पसारा चिनी-जपानीचा. या दोन भाषांत वापरली जाणारी समान चित्राक्षरं युनिकोडनं एकाच क्रमांकाखाली आणली. आता 'हाड' या अर्थाचं अक्षर घ्या. त्याच्या वरच्या चौकटीत एक छोटा कोपरा असतो. चीनमधल्या प्रमाण रूपात तो डावीकडे असतो, जपानी रूपात उजवीकडे. जपानी पानावर भाषेची खूण नसेल आणि संगणक चिनी भाषेत चालत असेल, तर जपानी मजकूर चिनी वळणात दिसू शकतो. मजकूर वाचता येतो, पण प्रत्येक ओळीत काहीतरी खुपत राहतं. २०१४ मध्ये ॲडोबी आणि गूगल यांनी मिळून या भाषांसाठी एक महाकाय फॉन्ट-कुटुंब काढलं. त्यात सोपी चिनी, पारंपरिक चिनी, जपानी आणि कोरियन यांच्यासाठी वेगवेगळी मूळ रूपं ठेवली आहेत.

तोच मार्ग देवनागरीतही आलाय. गूगल फॉन्ट्सवर 'टिरो देवनागरी' हा फॉन्ट तीन वेगळ्या नावांनी मिळतो: हिंदी, मराठी आणि संस्कृत. त्यातला मराठी घेतला की खूण असो वा नसो, ल मराठीच येतो. हार्वर्डच्या मूर्ती क्लासिकल लायब्ररीसाठी मुळात हा टाइप बनवला गेला आणि त्यासाठी रचनाकारांनी नमुना म्हणून समोर ठेवली ती निर्णयसागरची अक्षरं. मुंबईच्या ओतशाळेतलं वळण असं पुन्हा आपल्या ब्राउझरमध्ये येऊन पोहोचलं!

जिथे वळण बदललं की अर्थ बदलतो

ल आणि श च्या बाबतीत कोणी वाचायला अडत नाही. हिंदी वळणाचा ल 'चूक' आहे असं मी म्हणणार नाही, अनेकांच्या हस्ताक्षरातही तो असतो. पण मराठीत एक जागा अशी आहे की तिथे आकार चुकला की शब्दच बदलतो.

'दर्या' म्हणजे समुद्र. 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. 'आचार्यांना' बोलावणं आणि 'आचाऱ्यांना' बोलावणं यात मांडवापासून स्वयंपाकघरापर्यंतचं अंतर आहे. पहिल्या शब्दात र चा रफार होऊन डोक्यावर जातो, दुसऱ्यात तो पापणीसारखा आडवा होऊन पुढच्या अक्षराला चिकटतो. हिंदीला या पापणीची गरज पडत नाही, मराठीला रोज पडते.

हा पापणीचा र युनिकोडमध्ये थोडा आडवाटेनं येतो. यू+०९३१ या क्रमांकावर ऱ हे खाली टिंब असलेलं अक्षर आहे. ते मुळात द्राविडी भाषांमधला एक र देवनागरीत लिहिण्यासाठी ठेवलेलं. त्याला हलन्त जोडून अर्धं केलं की पापणी उमटते, असा नियम आहे. पण दुसरीही एक पद्धत चालते: साधा र, हलन्त आणि मध्ये 'झिरो विड्थ जॉइनर' हे न दिसणारं चिन्ह. दोन्हींनी स्क्रीनवर हुबेहूब सारखी अक्षरं येतात. संगणकासाठी मात्र त्या दोन वेगळ्या अक्षरमाला असतात. युनिकोडच्या सामान्यीकरणानंही त्या एक होत नाहीत.

याचा फटका नावांना बसतो. कुऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाटे ही आडनावं किंवा कऱ्हाड, नऱ्हे ही गावं घ्या. मी एका संस्थेच्या सभासदांची यादी शोधण्याजोगी करून देत होतो. नोंदी चार-पाच जणांनी वेगवेगळ्या कीबोर्डवरून केलेल्या. 'कुऱ्हाडे' शोधलं की काही सभासद यायचे आणि काही यायचेच नाहीत, डोळ्यांना यादीत ढळढळीत दिसत असूनही. उपाय साधा आहे: साठवताना आणि शोधताना र, हलन्त, जॉइनर ही मालिका ऱ आणि हलन्त यांत बदलून घ्यायची. पण हे करायचं असतं हे माहीत असायला हवं. न दिसणारी चिन्हं 'कचरा' समजून सरसकट पुसणारे प्रोग्रॅम तर आणखी पुढे जातात. ते जॉइनर काढून टाकतात आणि दऱ्यांचा दर्या करून ठेवतात. (ॲ चीही अशीच जुळी नोंद असते. २००८ च्या युनिकोड ५.१ पासून त्याला स्वतःचा क्रमांक आहे, पण त्याआधीचा मजकूर अ वर चंद्र देऊन लिहिलेला आहे. 'ॲप' शोधताना दोन्ही धरा.)

खूण फक्त ल साठी नसते

आता भाषेच्या खुणेकडे परत येऊ. ज्यांना दिसत नाही ते स्क्रीन रीडर वापरतात. एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर पानावरची खूण बघून कोणत्या भाषेच्या आवाजात वाचायचं ते ठरवतो. लिपी देवनागरी आहे एवढ्यावरून मराठी की हिंदी ते कळत नाही. मराठी लेख हिंदी आवाजात वाचला गेला की 'पैसा'चा 'पॅसा' होतो आणि 'औषध'चं 'ऑषध'. चमच्यातला च आणि चहातला च यांतला फरक तर पार पुसला जातो. ओळीच्या शेवटी शब्द तोडणं, शुद्धलेखन तपासणी, भाषांतराची सूचना हेही त्याच खुणेवर चालतं. डोळस माणसाला ल ची दांडी तेवढी दिसते. अंध वाचकाला तीच चूक प्रत्येक वाक्यात ऐकू येते.

मराठी साइटवर ही खूण नसण्याचं एक फार साधं कारण मला पुन्हा पुन्हा दिसतं. साइट वर्डप्रेसवर असते. चालवणाऱ्याला मागची सेटिंग्जची पानं इंग्रजीत सोयीची वाटतात, म्हणून तो साइटची भाषाच इंग्रजी ठेवतो. मग प्रत्येक मराठी लेख जगासमोर 'मी अमेरिकन इंग्रजी आहे' असं सांगत उभा राहतो. २०१६ च्या शेवटी आलेल्या वर्डप्रेस ४.७ पासून यावर तोडगा आहे. साइटची भाषा मराठी करा आणि स्वतःच्या प्रोफाइलमध्ये भाषा इंग्रजी निवडा. पुढचं पान मराठी, मागचं इंग्रजी. साइट हाताने बनवत असाल तर एचटीएमएलच्या सगळ्यात वरच्या टॅगमध्ये 'लँग' या गुणधर्माला मराठीचा संकेत, म्हणजे एम आणि आर ही दोन अक्षरं द्या. लेखात हिंदी उतारा असेल तर तेवढ्या भागाला हिंदीची वेगळी खूण द्या. त्यांचा ल त्यांना.

एवढं करूनही दांडी गेली नाही तर फॉन्ट तपासा. मुंबईच्या एक टाइपचे फॉन्ट, नोटो, राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू हे आधी लावून बघावेत असे. फॉन्ट हलका करण्यासाठी त्याची काटछाट केली असेल तर मराठीचा तक्ताच कापला गेला नाही ना, हेही बघा. काही साधनं तो 'अनावश्यक' म्हणून टाकून देतात. लिबर ऑफिसमध्ये मजकूर निवडून त्याची भाषा मराठी केली की काम होतं. जिथे भाषा सांगायची सोयच नाही तिथे मूळ रूप मराठी असलेला फॉन्ट वापरणं सगळ्यात सोपं.

मोबाइलवरच्या गप्पांच्या ॲपमध्ये आपल्या हातात फार काही नसतं. मेसेजला भाषेची खूण नसते, त्यामुळे ॲप बहुधा फोनची भाषा गृहीत धरतं. अँड्रॉइडवर फोनची भाषा मराठी करून बघा, काही ठिकाणी ल लगेच बदललेला दिसेल.

गोव्यातल्या वाचकांसाठी एक वेगळी अडचण आहे. देवनागरी कोंकणी छपाईतही मराठीसारखंच वळण रूढ आहे, पण ओपनटाइपमध्ये कोंकणीचा भाषासंकेत स्वतंत्र आहे. फॉन्टमध्ये फक्त मराठीचा तक्ता असेल आणि पानावर कोंकणीची अगदी बरोबर खूण असेल, तर फॉन्ट सरळ मूळ रूपावर, म्हणजे हिंदी वळणावर जातो. खूण बदलून मराठी करणं हा त्यावरचा उपाय नाही, कारण मग स्क्रीन रीडरला खोटी भाषा सांगितली जाते. कोंकणी साइटसाठी मूळ रूपातच हे वळण असलेला फॉन्ट घ्यावा. आणि फॉन्ट मुक्त परवान्याचा असेल तर त्याच्या बनवणाऱ्यांना कळवावं की मराठीचा तक्ता कोंकणीलाही जोडा. त्यासाठी नवीन अक्षर काढावं लागत नाही, असलेल्या तक्त्याला आणखी एका भाषेचं नाव जोडलं की झालं.